हप्ते थकले, गाडी गेली, मग कर्जही गेलं का?

तुमची हकिकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. 2018 ची पेट्रोल गाडी, तिचं मूळ कर्ज कधीच फिटलेलं. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्याच गाडीच्या आरसीवर एका फायनान्स कंपनीकडून तुम्ही 4 लाख उचलले. व्याज 20 टक्के, 36 हप्ते, हप्ता 14,865 रुपये, जामीनदार तुमचे मेहुणे. 14 हप्ते वेळेवर गेले, मग दुकान मंदावलं आणि आता 4 हप्ते थकलेत. वसुलीवाले दोनदा घरी येऊन गेले. तुमचे प्रश्न चार. रस्त्यात अडवून गाडी नेऊ शकतात का? तुरुंगात जावं लागेल का? गाडी आपणहून देऊन टाकली तर विषय मिटेल का? आणि गावातला एकजण म्हणतोय की गाडी माझ्याकडे ठेव, 60 हजार घे, थकलेले हप्ते भर. तर तसं करावं का?

सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो. 22 वर्षं सातारा जिल्ह्यातल्या कोर्टांत वकिली करतोय. गाडीच्या कर्जापायी अडचणीत आलेली जी माणसं माझ्याकडे आली, त्यातली बहुतेक याच एका समजुतीपायी जास्त खोलात गेली होती. गाडी ओढून नेली की माणूस म्हणतो, "नेली ना, आता त्यांचं ते बघतील." घरातलेही सुटकेचा श्वास टाकतात. फोन थांबतात, दारातली माणसं थांबतात. आणि नेमकं तिथून पुढे कागदोपत्री सगळं घडत राहतं, तुमच्या पाठीमागे.

गाडी हे कर्जाचं तारण आहे. ती विकून जे पैसे येतील ते तुमच्या खात्यावर जमा धरले जातात आणि उरलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते. तुमचेच आकडे घेऊ. 14 हप्ते भरल्यावर मुद्दल साधारण 2 लाख 72 हजार उरलं. चार महिन्यांचं व्याज धरलं तर आज येणं 2 लाख 90 हजारांच्या आसपास. त्यात हप्ता बाऊन्स झाल्याचे चार्जेस, टोइंग, यार्डाचं भाडं. समजा, लिलावात गाडी 1 लाख 90 हजारांना गेली. म्हणजे गाडी गेली, आणि वर लाखाहून जास्त देणं शिल्लक. उलट आज खातं सुरळीत करायला लागतात सुमारे 60 हजार आणि चार्जेस. हा फरक एका कागदावर मांडून घरात सगळ्यांना दाखवा.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा टेम्पो चालवायचा, टेम्पो कंपनीने नेला होता. त्यांनी पिशवीतून रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सात पाकिटं, त्यातली पाच उघडलेलीसुद्धा नव्हती. "भीती वाटायची," एवढंच म्हणाल्या. मी एकेक फोडत गेलो. पहिलं, थकबाकी भरा नाहीतर ताबा घेऊ. दुसरं, ताबा घेतल्याचं. तिसऱ्यात लिहिलं होतं की सात दिवसांत अमुक रक्कम भरलीत तर गाडी परत मिळेल, नाहीतर विक्री होईल. ती मुदत टळून अकरा दिवस झाले होते. रक्कम त्यांच्या भावाने त्याच आठवड्यात उभी केली असती. तसं तो माझ्यासमोर बसून सांगत होता. उरलेली पाकिटं चेन्नईहून, लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याची.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: टपाल घ्या. स्पीड पोस्टने आलेलं पाकीट सही करून घ्या, त्याच दिवशी फोडा आणि पाकिटासकट जपून ठेवा. पाकिटावर पोस्टमनने "नाकारले" असा शेरा मारला की कायदा धरून चालतो की नोटीस तुम्हाला पोचली. नाकारून काहीच टळत नाही, हातातली मुदत मात्र जाते. घर बदललं असेल तर नवा पत्ता कंपनीला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर आलेलंही पुसू नका.

आता गाडी नेण्याबद्दल. तुमच्या आरसीवर कंपनीचा बोजा चढलेला असेल, ज्याला आरटीओत एचपीए म्हणतात. यात मालक तुम्हीच राहता, कंपनीला तारणाचा हक्क असतो. जुन्या हायर पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक कंपनीच असायची. वसुलीवाले कोर्टाचे जे निकाल तोंडावर फेकतात त्यातले बरेच हायर पर्चेसचे असतात. म्हणून आधी स्वतःचा करारनामा वाचा. प्रत नसेल तर कंपनीकडे मागा, ती द्यावीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपनीच्या करारात ताब्याचं कलम स्पष्ट लिहिलेलं असायला हवं: ताब्याआधी किती दिवसांची नोटीस, कोणत्या परिस्थितीत नोटीस न देता ताबा घेता येईल, ताबा कसा घेणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, गाडी परत कशी मिळेल आणि विक्री कशी होईल. हे कलम तुमच्या करारात कोणत्या पानावर आहे ते शोधून खूण करून ठेवा. पुढची सगळी लढाई त्या पानावर होते.

करारात हक्क असेल, नोटीस दिली असेल आणि शांतपणे ताबा घेतला, तर कोर्ट सहसा कंपनीला चूक म्हणत नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खोटा धीर देण्यात अर्थ नाही. जबरदस्ती मात्र अजिबात चालत नाही. 2007 साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की वसुलीसाठी आणि गाड्या उचलण्यासाठी गुंड वापरता येणार नाहीत. 2011 मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणातही बळाने ताबा घेणं बेकायदा ठरवलं. 2022 साली रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितलं की वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, नातेवाईक आणि मित्रांना छळायचं नाही, आणि एजंट काय करतो याची जबाबदारी कंपनीचीच. तेव्हा हायवेवर चारजण मोटारसायकल आडवी घालून किल्ली काढून घेत असतील, तर 112 फिरवा, मोबाइलवर चित्रण करा, ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. गाडीत बायकामुलं असतील तर हातघाईवर मात्र येऊ नका. गाडी परत मिळवता येते.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा ऐकावं लागतं, "हे दिवाणी मॅटर आहे, आमच्याकडे नको." अशा वेळी कर्जाचं बोलूच नका. अडवलं कुणी, किल्ली हिसकावली कुणी, शिवीगाळ कुणी केली, किती वाजता, कुठे, एवढंच लेखी द्या आणि पोच घ्या. कंपन्या गाडी उचलण्याआधी आणि नंतर पोलीस ठाण्यात कळवतात. ते पत्र कोणत्या तारखेचं आणि किती वाजताचं आहे, ते नंतर फार उपयोगी पडतं.

गाडी द्यायची वेळ आलीच तर एका कागदाशी सावध राहा. सीझर लोकांकडे, म्हणजे कंपनीसाठी गाड्या उचलणाऱ्यांकडे, छापील सरेंडर लेटर असतं: "मी स्वखुशीने गाडी ताब्यात देत आहे, माझी काही तक्रार नाही." घाबरलेला माणूस न वाचता सही करतो आणि जबरदस्तीची तक्रार तिथेच संपते. सही करायचीच असेल तर आधी स्वतःच्या हाताने खाली लिहा: तारीख, वेळ, किलोमीटरचं रीडिंग, चारही टायर कसे आहेत, स्टेपनी आहे की नाही, जॅक, म्युझिक सिस्टिम, काचेला तडा आहे का. आणि पुढे एक ओळ: "विक्रीपूर्वी पूर्ण हिशेब व रक्कम भरण्याची संधी लेखी मिळावी." त्या कागदाचा आणि गाडीचा चारही बाजूंनी फोटो काढा. डिकीतलं, कप्प्यातलं स्वतःचं सामान काढून घ्या. स्टेपनी आणि बॅटरी यार्डातून गायब झाल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्या आहेत, आणि यादी नसल्याने त्यातली एकही टिकली नाही.

तुम्ही ज्याचा विचारच केलेला नाही, आणि जो बहुधा सगळ्यात चांगला मार्ग आहे, तो हा. गाडी ठेवणं परवडतच नसेल तर गिऱ्हाईक तुम्ही आणा. कंपनीला लेखी कळवा की बाजारात हिला 2 लाख 60 हजार येतायत, हा खरेदीदार, पैसे थेट कर्जखात्यावर भरतो, तुम्ही एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 द्या. लिलावात भाव पडतो, कारण घेणारा दलाल असतो आणि गाडी पावसात उभी असते. कंपनीलाही यार्ड, टोइंग, लिलाव हे सगळं टाळायचं असतं, त्यामुळे शाखेतला माणूस सहसा तयार होतो. उरलेल्या 30 हजारांसाठी मग दोन-तीन हप्ते मागून घेता येतात.

गाडी विकली गेल्यावरही दोन कागद मागायचेच. पहिला विक्रीचा हिशेब: कितीला विकली, मूल्यांकन किती होतं, कोणते खर्च वजा केले. पैसे जास्त आले असतील तर वरची रक्कम तुमची. दुसरा, आरसी कुणाच्या नावावर गेली त्याचा पुरावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे ताबा घेतलेली कंपनी आरटीओकडे स्वतःच्या नावाने नवी आरसी मागू शकते, पण त्याआधी आरटीओ तुम्हाला नोटीस पाठवून म्हणणं मांडायची संधी देते. तीही नोटीस असंख्य लोक घेत नाहीत. आणि नाव बदलेपर्यंत चलनं तुमच्या मोबाइलवर येत राहतात, अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात नाव तुमचं येतं. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून दर आठवड्याला बघत जा.

तुरुंगाचं. हप्ता थकणं हा गुन्हा नाही. "उद्या वॉरंट येतंय" असा फोन येईल, तेव्हा वॉरंटची प्रत मागा, ती येणार नाही. तीन गोष्टींपासून मात्र जपायचं. एक, चेक. सुरुवातीला दिलेला सहीचा कोरा चेक भरून टाकला आणि परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 लागतं. त्यात नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरली तर फौजदारी खटला उभा राहत नाही. न भरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी 2007 च्या पेमेंट सिस्टिम कायद्याच्या कलम 25 खाली अशीच कारवाई होऊ शकते. दुसरी गोष्ट, तारण गाडी परस्पर विकणं, लपवणं, सुटे भाग काढून विकणं. तिथे भारतीय न्याय संहितेचं 316, म्हणजे विश्वासघात, किंवा 318, म्हणजे फसवणूक, लावायला कंपनीला आयतं कारण मिळतं. तिसरी, लवादाचा निवाडा झाल्यावर कोर्टाच्या वसुलीत कानाडोळा करणं. दिवाणी अटक कायद्यात आहे, पण पैसे असूनही मुद्दाम न देणाऱ्यासाठी. खरोखर ऐपत नसलेल्याला केवळ गरिबीपायी आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच सांगितलंय, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटक करताच येत नाही. पण त्यासाठी कोर्टात उभं राहून ऐपत काय आहे ते सांगावं लागतं.

लवादाबद्दल दोन शब्द. करारात लवादाचं कलम बहुतेक असतंच, आणि ठिकाण दुसऱ्या राज्यातलं. नोटीस आल्यावर लोक म्हणतात, चेन्नईला कोण जाणार? जाऊ नका, पण उत्तर पाठवा. लवाद कंपनीने एकतर्फी नेमला असेल तर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने अशा एकतर्फी नेमणुकीविरुद्ध स्पष्ट मत दिलंय. निवाडा हातात पडल्यापासून तीन महिन्यांत आव्हान द्यावं लागतं, फार तर तीस दिवस जास्त मिळतात. त्यानंतर तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो: बँक खातं, पगाराचा काही भाग, घरातली दुसरी गाडी.

तुमचं कर्ज फायनान्स कंपनीचं आणि 20 लाखांच्या आतलं आहे, त्यामुळे सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या कायद्याची, भीती मनातून काढा. पतसंस्थेचं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तरी आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्यांचं कर्ज पतसंस्थेचं आहे त्यांनी दाखल्याच्या सुनावणीलाच हजर राहावं.

आता गावातल्या त्या माणसाचं. कृपा करून गाडी त्याच्याकडे ठेवू नका. असे व्यवहार मी इतके पाहिलेत की पुढचं डोळ्यासमोर दिसतं. तो महिन्याला पाच टक्के घेईल, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घेईल, 500 च्या स्टॅम्पवर कर्जाऐवजी "विक्री" असं लिहून नोटरी करेल. गाडीवर आधीच कंपनीचा बोजा आहे, म्हणजे वर सांगितलेली फसवणुकीची कलमं तुम्ही स्वतःहून ओढवून घ्याल. तो गाडी वापरेल, किंवा तिसऱ्याला देईल. तिचा अपघात झाला आणि विमा नसला, तर? आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात पक्कं केलंय. भरपाई तुमच्या मानेवर येईल.

शिवाय परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 15 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ. ज्यांची गाडी अशी आधीच अडकली आहे त्यांनी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी. फोन पेचे व्यवहार, चॅट, साक्षीदार, जे असेल ते जोडावं.

उद्या काय करायचं ते सांगतो. कंपनीकडून खात्याचा उतारा मागवा आणि दंडाचा रकाना बघा. उशिराचा दंड शुल्क म्हणूनच घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, हा नियम 2024 पासून लागू आहे. मग शाखेला साध्या मराठीत एक पानाचं पत्र द्या: वडिलांचं आजारपण, दुकानाची स्थिती, आज किती भरू शकतो, बाकी किती महिन्यांत, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का. सोबत जमतील तेवढे पैसे भरा, दहा हजार असले तरी. चौथा हप्ता चुकल्याने खातं 90 दिवसांच्या पलीकडे गेलंय, म्हणजे एनपीए, थकीत कर्जात धरलेलं. आता एक-दोन हप्ते भरून ते पूर्ववत होणार नाही, सगळी थकबाकी भरावी लागेल. तरी भरलेले पैसे आणि पत्राची पोच, या दोन गोष्टी पुढे लवादासमोर, ग्राहक आयोगात, लोकअदालतीत तुमच्या बाजूने बोलतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, 14448 वर माहिती मिळते. सेटलमेंट ठरलंच तर आधी लेखी पत्र, मग पैसे. एजंटच्या हातात रोख कधीच नाही. आणि ध्यानात असू द्या, सेटलमेंट केलेलं खातं सिबिलमध्ये "सेटल्ड" दिसतं, पूर्ण फेडलेलं "क्लोज्ड". वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

राहिले मेहुणे. त्यांना तुम्ही अजून काही सांगितलेलं नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. कराराच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनी तुम्हाला सोडून थेट त्यांच्यामागेही लागू शकते आणि लवादाच्या नोटिशीत त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत असेल. आज रात्री जाऊन बसा त्यांच्याजवळ. सगळे आकडे दाखवा, आणि त्यांच्या नावाने पाकीट आलं तर परत पाठवू नका, सही करून घ्या, एवढं बहिणीलाही सांगून या. दुपारी दार तीच उघडत असेल.